म्हशीची ओळखपरेड

म्हैस पोलिस ठाण्याच्या आवारात आणली तेव्हा फौजदार जेवायला बसले होते. त्यामुळे न्याय थोडा लांबला, आणि तेवढ्या वेळात म्हशीनं झेंड्याच्या कट्ट्याभोवतीची शेवंतीची रोपं मुळासकट खाऊन टाकली. हवालदार काठी घेऊन धावला. माझ्या मामांनी त्याला वाटेतच अडवलं आणि वादातल्या मालाला हात लावायचा नसतो, असं बजावलं. भूपालमामा माझ्या आजोळचे पोलिस पाटील. कायद्यातलं हे एकच वाक्य त्यांना पूर्ण पाठ होतं आणि ते वापरायची संधी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

भांडण तसं साधं होतं. आदल्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला, गोठ्यांत पाणी शिरलं, तेव्हा नदीकाठच्या गावांनी नेहमी करतात तेच केलं. जनावरांची दावी कापली आणि ज्याला जिकडं पोहता येईल तिकडं जाऊ दिलं. पाणी ओसरल्यावर एक गाभण म्हैस मामांच्या गावात, आक्काताई कोथळे यांच्या दारात येऊन उभी राहिली. आक्काताई एकट्या राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. त्यांची स्वतःची जनावरं त्याच पुरात गेली होती. त्यांनी मामांना कळवलं, मामांनी दवंडी दिली, आठवड्याच्या बाजारात सांगून बघितलं. कुणीही आलं नाही. म्हैस तिथंच व्याली, तिला रेडी झाली, आक्काताईंचं घर पुन्हा उभं राहायला लागलं. आणि आता नदीपलीकडचा बळवंत शिंत्रे लग्नाच्या जेवणाला म्हणून गावात आला, आक्काताईंच्या दारावरून गेला आणि म्हणाला, ही तर माझी म्हैस.

आक्काताईंचं म्हणणं, मालक असेल तर खुशाल घेऊन जावी, पण मालक असल्याचं दाखवावं. बळवंतचं म्हणणं, त्यात दाखवायचं काय, शिंगं बघा. सगळ्यांनी शिंगं बघितली. तसली शिंगं तालुक्यातल्या निम्म्या म्हशींना होती. मग त्यानं कपाळावरचा पांढरा ठिपका दाखवला. तो फौजदारांच्या घरच्या म्हशीलाही होता, आणि फौजदार ती कुणाला द्यायला तयार नव्हते.

इथं माझा प्रवेश होतो. मी शीतल मगदूम. पुण्यातल्या एका संस्थेत उंदरांच्या मेंदूवर पीएच.डी. करत होतो, प्रबंध नुकताच सादर केला होता, आणि आपल्याला न कळणारं जगात फारसं काही उरलेलं नाही अशा सुखद समजुतीत सुट्टीला आजोळी आलो होतो. मामांनी गावभर मला मेंदूचा डॉक्टर करून टाकलं होतं. दोन म्हाताऱ्यांनी मला अर्धशिशीवर औषध विचारलं, आणि लाज वाटू न देता मी ते सांगितलंही.

फौजदार तांबवेकर हात पुसत बाहेर आले. शेवंतीच्या जागी उरलेल्या मातीकडे त्यांनी बघितलं, मग म्हशीकडे आणि मग मामांकडे.

"पाटील, म्हैस काय जबाब देती काय? मालक ठरवायचा कसा?"

"आमचा भाचा हाय साहेब," मामांनी मला दंड धरून पुढं ढकललं. "जनावराच्या डोसक्यात काय कुठं असतंय, सगळं ठावं हाय त्याला."

बाजाराचा दिवस होता. ठाण्याच्या भिंतीवर माणसं चढून बसली होती. एवढे श्रोते मला पुण्यातल्या एकाही परिसंवादात मिळाले नव्हते, त्यामुळे मी सुरूच झालो. आठवण म्हणजे एकच एक पोतं नव्हे, असं सांगितलं. मेंदूत तिची वेगवेगळी खाती असतात. घर कुठं, पाणी कुठं, वाट कुठली हे हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सांभाळतो. हातापायांना पडलेली सवय त्याच्या पलीकडचा, खोलवरचा दुसराच भाग सांभाळतो. आणि भीती राहते ती बदामाच्या आकाराच्या एका छोट्या गाठीत. एक खातं बंद पडलं तरी दुसरी चालू राहतात. माझ्या उंदरांचं उदाहरण दिलं. एका छोट्या चौरस्त्याच्या एका वाटेनं उंदराला सोडायचं आणि डावीकडं खाऊ ठेवायचा. सुरुवातीला तो जागा लक्षात ठेवून जातो. पण बरेच दिवस तेच करत राहिलं की जागा मागं पडते आणि नुसतं वळण उरतं. मग त्याला समोरच्या बाजूनं सोडलं तरी तो डावीकडंच वळतो आणि रिकाम्या कोपऱ्यात नाक घासत बसतो.

आमच्या खात्यातही असे बरेच आहेत, असं फौजदार म्हणाले. मग त्यांनी हवालदाराला त्या भागाचं नाव टिपून घ्यायला सांगितलं. मी 'हिप्पोकॅम्पस' दोनदा सावकाश उच्चारलं. हवालदारानं मान डोलावली आणि कागदावर 'मेंदू' एवढंच लिहिलं.

पहिली परीक्षा जागेच्या आठवणीची, असं मी जाहीर केलं. गावाबाहेर फाट्यावर म्हैस मोकळी सोडायची. डावा रस्ता पुलावरून बळवंतच्या गावाला, उजवा आक्काताईंच्या. ज्या रस्त्याला ती लागेल तो तिच्या मनातला धनी. कल्पना लोकांना फार आवडली. अर्धा बाजार आमच्या मागून फाट्यापर्यंत आला. म्हशीनं दोन्ही रस्त्यांकडे शांतपणे बघितलं आणि मधल्या शेतात शिरून पंचायत समितीच्या सभापतींच्या नव्या बंगल्यामागं सांडपाण्याचं जे डबकं साचलं होतं, त्यात जाऊन बसली.

"म्हंजे सभापतींची व्हय?" फौजदारांनी विचारलं.

मग मला आठवलं, म्हणजे मामांनी आठवण करून दिली, की बळवंतचं जुनं घर पुरात पडलं होतं आणि तो आता वरच्या माळावर राहत होता. म्हशीनं जुनी वाट धरली असती तरी घर सापडलं नसतं. शिवाय इतके महिने राहून तिला आक्काताईंची वाटही पाठ झालीच असणार. एकूण, या परीक्षेचा निकाल काहीही लागला असता तरी त्यातून काहीही सिद्ध झालं नसतं. हे सगळं फाट्यावर यायच्या आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं मामा अगदी हळू आवाजात म्हणाले.

डबक्यातून म्हैस बाहेर काढायला आक्काताईच लागल्या. त्यांनी काठावर उभं राहून नुसतं "ये बया" म्हटलं आणि ती चिखल गाळत वर आली. भिंतीवरून उतरून आलेल्या मंडळींनी लगेच निकाल लावून टाकला. बळवंतनं हरकत घेतली, की सहा महिने आंबोण खाऊ घातल्यावर कुणाच्याही हाकेला येईल. मुद्दा बरोबर होता. मला तो मान्य करावा लागला, आणि खरं सांगायचं तर राग आला. तोपर्यंत माझ्या मनानं आक्काताईंची बाजू घेतली होती आणि शास्त्र काही साथ देत नव्हतं.

आवारात परत आल्यावर म्हैस कडुनिंबाला बांधली. बळवंत आतापर्यंत मोटारसायकलवर बसूनच सगळं बघत होता. उंच, नीटनेटका, कडक इस्त्रीचा माणूस. बोलायला मऊ. आता तो उतरला आणि हात पुढं करत म्हशीकडे निघाला. जवळ येता येता त्यानं टाळूवर जीभ आपटून एकदा टक्क आवाज केला, जनावराला बोलवायला करतात तसा.

म्हशीचं रवंथ थांबलं. कान मागं गेले. ती अंग चोरत मागं सरली, दावं ताणलं, आणखी मागं सरली, गळ्याला फास बसून डोळे बाहेर आले तरी सरतच राहिली. तिनं उभ्या उभ्या मूत सोडलं. पोटाखालची कातडी थरथरत होती. बाजूला बांधलेली रेडी ओरडायला लागली.

बळवंत जागीच थांबला. "बुजलीया," तो लोकांकडे बघून हसत म्हणाला. "लई दिस झालं नव्हं."

लोक हसले. धन्याला बघून म्हशी अशा करतात होय, असं भिंतीवरून कुणीतरी म्हणालं. फौजदारांनाही तसंच वाटलं. वळख न्हाई म्हणून घाबरली, असं ते म्हणाले, आणि होकारासाठी माझ्याकडे बघितलं.

मी होकार दिला नाही. अडचण अशी की माझा सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर होता. अनोळखी माणसाला जनावर बिचकतं, मान वर करून हुंगतं, दोन पावलं मागं जातं. असं गळ्याला फास बसेपर्यंत मागं जात नाही. ही भीती शिकलेली होती, बऱ्याच काळात, एकाच माणसाकडून. म्हैस त्याला चांगलीच ओळखत होती. म्हणजे म्हैस त्याचीच होती. एवढी वर्षं उंदरांना विजेचे झटके देऊन मी जे सिद्ध केलं होतं त्याचा जगात पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होणार होता, आणि तो होता बळवंत शिंत्रेला म्हैस मिळवून देण्याचा.

मी घसा खाकरला आणि म्हटलं, आधी दुसरी परीक्षाही बघू या.

दुसरी परीक्षा बळवंतनंच सुचवली. त्याची बायको शालन त्याच्यामागं मोटारसायकलवर बसून आली होती आणि तेव्हापासून रांजणाशेजारी उभी होती. पस्तिशीची, हडकुळी बाई. तिचं उजवं मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं. चहाचा कप तिनं डाव्या हातानंच घेतला होता. गोठ्याचं सगळं हीच बघत होती, बळवंत म्हणाला, हिलाच धारेला बसवा. हिच्या हाताला पान्हा सोडला की वाद मिटला.

हे म्हणणं मात्र शास्त्राला धरून होतं. धारेची सवय जागेवर अवलंबून नसते. तो हात, ती बसण्याची बाजू, कासेवर पाण्याचा पहिला हबका, हे सगळं एकदा अंगात मुरलं की म्हैस विचार करत नाही, पान्हवते. सकाळीच आक्काताईंच्या ओट्यावर चहा पिताना त्यांनी मला याबद्दल सांगितलं होतं. आमच्याकडे सगळे म्हशीच्या उजव्या अंगाला बसून धार काढतात. ही म्हैस व्याल्यावर आक्काताई तशाच बसल्या, तर हिनं लाथ मारून चरवी उडवली. रोज उडवली. शेवटी कंटाळून त्या एकदा डाव्या अंगाला बसल्या आणि म्हशीनं गुमान दूध दिलं. हिची आधीची धार काढणारी बाई डावरी असणार, असं त्या म्हणाल्या होत्या. मी तेव्हा मान हलवून आणखी चहा मागितला होता.

हवालदारानं चरवी आणून दिली. रेडीला थोडं पाजून बाजूला ओढलं. शालन पदर खोचून पुढं आली.

आणि ती सरळ म्हशीच्या डाव्या अंगाला गेली. थांबली नाही, बघितलं नाही, पायच तिला घेऊन गेले. डावा हात म्हशीच्या कुशीवर टेकला, ती अर्धी खाली वाकली, आणि त्याच वेळी म्हशीनं मागचा डावा पाय एक वीत मागं घेऊन तिच्यासाठी जागा केली. लोकांचं लक्ष कासेकडे होतं, त्यामुळे हे कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. पुण्यात मी या क्षणासाठी कॅमेरे लावून बसत असे.

शालन तशीच वाकलेली राहिली. मग ती उभी राहिली. तिनं कुशीवरचा हात काढून घेतला, म्हशीच्या मागून वळसा घालून ती उजव्या अंगाला आली, तिथं बसली आणि वाकड्या मनगटाच्या हातानं सड धरला.

लाथ बसायची ती बसलीच. चरवी हवालदाराच्या बुटांपर्यंत गडगडत गेली. आक्काताईंनी बोलायला तोंड उघडलं होतं. त्यांनी शालनकडे बघितलं, क्षणभर तिच्या मनगटाकडे बघितलं, आणि मग त्या खाली वाकून रेडीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागल्या. ती आधीच नीट बांधलेली होती.

शालननं लुगड्यावरची माती झटकली.

"ही आमची न्हवं," ती म्हणाली.

"डोळं फुटलं काय तुजं?" बळवंतचा मऊ आवाज गेला. "नीट बस की. पुन्ना बस."

कसं बसायचं हे मात्र त्याला सांगता येईना. इतकी वर्षं त्या म्हशीचं दूध प्यायलेल्या माणसानं बायको तिच्या कुठल्या अंगाला बसते हे एकदाही बघितलेलं नव्हतं. नुसतं 'डाव्या अंगाला' म्हणाला असता, तर म्हैस घेऊन गेला असता.

फौजदारांनी घड्याळ बघितलं. तुमची भीतीची भानगड काय ती सांगा आणि आटपा, असं ते मला म्हणाले. मी बळवंतकडे वळलो. इतकं गोड बोलणं मला पुढं माझ्या पदोन्नतीच्या मुलाखतीतही जमलं नाही.

"जनावर असं उगाच घाबरत नाही," मी म्हणालो. "ज्यानं मारलंय त्यालाच घाबरतं. तुम्ही हिला मारत होता का?"

आमच्या नदीकाठच्या गावांत माणसाची काही ठरलेली किंमत असते. बायकोवर हात उचलणाऱ्याला लोक घरचा मामला म्हणून सोडून देतात. गाभण म्हशीला मारणाऱ्याच्या पोराला मात्र कुणी मुलगी देत नाही. भिंतीवर बसलेले सगळे आता बळवंतकडे बघत होते, आणि त्यात त्याच्या लग्नघरचे पाहुणेही होते.

"म्या?" तो म्हणाला. "बोट लावलं न्हाई कदी. पोटच्या पोरागत वाढवलीया."

"नक्की?"

"शपथ घिऊन सांगतो."

"मग ही म्हैस तुमची नाही," मी म्हणालो. "तुमच्या म्हशीला तुम्हाला घाबरायचं काही कारणच नव्हतं."

यातला एकही शब्द शास्त्राला सोडून नव्हता. पुढं कित्येक वर्षं मी मुलांना हाच विषय शिकवला आणि आजही त्या वाक्यात मला चूक सापडत नाही. बळवंतला म्हैस हवी असती तर त्यानं फक्त खरं बोलायचं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मला काय माहीत आहे हे त्याला कळलं होतं, आणि ते बोलून दाखवता येणार नाही हेही कळलं होतं. एखाद्या माणसाची जिरलेली बघून एवढं बरं वाटावं, हे सुशिक्षित माणसाला शोभत नाही. मला फार बरं वाटलं.

फौजदारांनी निकाल दिला. घरची बाईच आपली नाही म्हणतेय, डॉक्टरही म्हणताहेत, म्हैस आक्काताईंकडेच राहील. लोक भिंतीवरून उतरले. मामांनी, सगळं आपल्या योजनेप्रमाणे झालं अशा थाटात, तीन जणांशी हात मिळवले. आक्काताईंनी म्हशीच्या गळ्यावर फासानं सोललेली जागा बघितली आणि हवालदाराकडे हळद मागितली. पोलिस ठाण्यात हळद मिळत नाही हे ऐकून त्यांना फारच नवल वाटलं.

बळवंत फाटकाबाहेर जाऊन मोटारसायकलला किका मारत होता. शालन रांजणाशी पाणी पीत होती. मी तिथं गेलो. तीच आधी बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुमी बगितलं. माजं पाय."

"हो."

"बोलला न्हाईसा."

"कुणी विचारलं नाही."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या तुमच्या उंदरांचं भ्या जातंय का वो कदी?"

प्रबंधात या प्रश्नावर एक पूर्ण प्रकरण होतं. मी त्यातलं पहिलं वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं. "पुसून जात नाही," मी म्हणालो. "पण जिथं काही वाईट घडत नाही अशा दुसऱ्या जागी ठेवलं, की हळूहळू कमी होतं. फक्त पुन्हा जुन्या पिंजऱ्यात नेऊन चालत नाही. नेलं, की पहिल्या दिवसासारखं सगळं परत येतं."

"किती बी दिसांनी नेलं तरी?"

"कितीही दिवसांनी."

बाहेर गाडी सुरू झाली होती. बळवंतनं हॉर्न वाजवला. शालनचे खांदे चटकन आत गेले आणि ती दोन पावलं फाटकाकडे चाललीही. मग थांबली. आक्काताई म्हैस सोडून घेऊन निघाल्या होत्या, रेडी त्यांच्या पुढं पळत होती. शालन म्हैस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. पुन्हा हॉर्न वाजला, या खेपेला लांबलचक.

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती उलटी वळून ठाण्याच्या पायऱ्या चढली. हवालदार कागद गोळा करत होता. आता काय राहिलं बाई, म्हशीचं झालं की, असं तो म्हणाला. त्याच्या टेबलासमोर खुर्ची होती. तिच्यावर बसू का, असं तिनं कुणाला विचारलं नाही.

"म्हशीचं झालं," ती बसत म्हणाली. "आता माजं लिवून घ्या."